कळमन्याच्या खेपेला पेट्रोल की बॅटरी?

माझा चुलतभाऊ चौदा वर्षांपासून नागपूरच्या कळमना मार्केटमधून भाजी आणि संत्री उचलून शहरभर पोचवतो. गाडी छोटा हाथी. आता तिचं इंजिन दुसऱ्यांदा उघडायची वेळ आली आहे आणि नवी गाडी घ्यावीच लागणार. शोरूममधून आला तो चेहरा पाडून. "दादा, पहिली गाडी घेतली तेव्हाच्या पैशांत आता अर्धी गाडी येते," म्हणाला. त्याच्यासाठी मी हा हिशेब मांडला. नागपुरात आज पिकअप किंवा मिनी ट्रक घ्यायला निघालेल्या कोणालाही तो लागू पडावा, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी किमतीचं बघू. टाटांनी मे २००५ मध्ये एस, म्हणजेच हा छोटा हाथी, बाजारात आणली तेव्हा ती सव्वादोन लाखांच्या आसपास मिळत होती. महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप ऑगस्ट २०२२ मध्ये आली ती ७ लाख ६८ हजारांपासून. एक छोटी आणि एक मोठी, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाढ मोजता येणार नाही. पण धंदेवाल्याच्या खिशावरचा ताण कुठून कुठे गेला ते यातून कळतं. लोखंड महागलं हे एक कारण. दुसरं, १ एप्रिल २०२० ला धुराबाबतचे बीएस-६ नियम आले आणि १ एप्रिल २०२३ ला त्यांचा दुसरा टप्पा. धूर स्वच्छ करणारी सगळी यंत्रणा, सेन्सर, डिझेल गाडीच्या सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी म्हणजे डीपीएफ, हे सगळं गाडीच्या किमतीत आलं. ते यायलाच हवं होतं. इतवारी-गांधीबागेच्या गल्लीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या हमालाला विचारा, जुन्या डिझेलचा धूर काय असतो.

थोडा दिलासा मिळाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. त्यामुळे पेट्रोल-डिझेल गाड्या स्वस्त झाल्या आणि इलेक्ट्रिकशी असलेलं अंतर उलट वाढलं. शोरूमवाला हे सहसा सांगत नाही.

एकाच गाडीची दोन रूपं

तुलना सरळ व्हावी म्हणून एकच गाडी घेतली. टाटा एस प्रो जून २०२५ मध्ये आली. पेट्रोल ३ लाख ९९ हजार, इलेक्ट्रिक साडेसहा लाख, दोन्हींचा भार ७५० किलो. जीएसटी उतरल्यावर पेट्रोलवाली आणखी खाली आली, म्हणजे फरक साधारण २ लाख ८० हजारांचा झाला. आता यातून राज्याचा कर वजा करा. हलक्या मालवाहू गाड्यांना महाराष्ट्रात २०२५ पासून किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे आणि इलेक्ट्रिकला तो माफ आहे. इथे पंचवीसेक हजार वाचतात. थर्ड पार्टी विम्यातही इलेक्ट्रिक मालवाहू गाडीला १५ टक्के सूट आहे, पण ती रक्कम लहान. मी फरक अडीच लाख धरला.

हा अडीच लाखांचा जास्तीचा बोजा कर्जातच जाणार. १२ टक्के व्याज आणि पाच वर्षं धरली तर त्याचा महिन्याचा हप्ता ५,५६० रुपये. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीने दर महिन्याला निदान इतकं इंधन वाचवलंच पाहिजे, नाहीतर घरून पैसे घालावे लागतील.

आता वाचतं किती? पेट्रोल १०४ रुपये आणि भरलेल्या गाडीला शहरात १६ चं ॲव्हरेज धरलं, तर किलोमीटरला साडेसहा रुपये. इलेक्ट्रिकची बॅटरी १४.४ युनिटची. कागदावर ती १५५ किलोमीटर जाते. मी भरल्या गाडीला, नागपूरच्या उन्हात, ९० धरतो. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज मिळवून किलोमीटरला ०.१८ युनिट होतं. युनिटला १० रुपये पकडले तर १ रुपया ८० पैसे, मी सरळ दोन रुपये लावले. प्रत्येक किलोमीटरमागे साडेचार रुपये शिल्लक.

५,५६० ला साडेचारने भागा. महिन्याला १,२३५ किलोमीटर येतात. २६ दिवसांचं काम धरलं तर दिवसाला ४८.

माझ्या मते सगळा निर्णय या ४८ भोवती फिरतो. गाडी रोज चाळीस किलोमीटरच चालत असेल तर इलेक्ट्रिक घेऊ नका, हप्ता अंगावर येईल. पन्नास ते पंच्याऐंशीच्या मध्ये चालत असेल तर डोळे मिटून इलेक्ट्रिक. सत्तर किलोमीटर चालणारा माणूस महिन्याला ८,१९० रुपये इंधनात वाचवतो, हप्त्याचा फरक देऊनही अडीच हजारांवर हातात राहतात, आणि पाच वर्षांनी कर्ज फिटलं की सगळेच त्याचे. पंच्याऐंशीच्या वर मात्र एका चार्जिंगवर दिवस निघत नाही.

गाडी रात्री कुठे झोपते?

हिशेबात मी युनिटला १० रुपये धरले ते स्वतःच्या मीटरवरचे. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला २० लागले, तर शिल्लक साडेचारवरून अडीच-तीन रुपयांवर येते आणि ४८ चा आकडा पंच्याहत्तर ते पंच्याऐंशीच्या घरात जातो. मग काही अर्थ उरत नाही.

नागपूरने हे एकदा पाहिलं आहे. २६ मे २०१७ ला देशातला पहिला मोठा इलेक्ट्रिक टॅक्सी प्रकल्प इथेच सुरू झाला, दोनशे गाड्यांचा. वर्ष व्हायच्या आत चालक चार्जिंगच्या रांगांना कंटाळून गाड्या परत करायला निघाले होते. धंद्याचे दोन-दोन तास रांगेत गेले तर चालकाने घरी काय न्यायचं? तेव्हाच्या बॅटऱ्या लहान होत्या, आज परिस्थिती बरीच पुढे आली आहे. पण सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर धंद्याची इलेक्ट्रिक गाडी घेऊ नये, हे मी आजही ठासून सांगेन.

घरी १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला तीनेक युनिट जातात, म्हणजे एस प्रो साधारण साडेपाच तासांत भरते. पण घरगुती मीटरवर लावाल तर सावध. महिन्याला १,८०० किलोमीटर म्हणजे सव्वातीनशे युनिट, वर घराचे दीडशे. तीनशेच्या पुढच्या स्लॅबमध्ये वीज महाग होते आणि १० चा हिशेब कोलमडतो. महावितरणकडे वाहन चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्याची वेगळी जोडणी घ्या. वायरिंग आणि अर्थिंग चांगल्या वायरमनकडून करून घ्या, यात पैसा वाचवू नका. आणि भाड्याच्या खोलीत राहत असाल, गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहत असेल, तर तूर्त पेट्रोलच घ्या. मनाला पटत नसलं तरी.

दुकानात किंवा गोदामात पॉइंट असेल तर चित्र बदलतं. दुपारी तीन तास लावली तरी पन्नास किलोमीटर वाढतात.

ऊन

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. या गाड्यांमधली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी उष्णता इतर प्रकारांपेक्षा बरी सोसते, तरी सततच्या उष्णतेने तिचं आयुष्य कमी होतंच. दुपारी तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, रात्री लावावी. वर पत्र्याचं का होईना छप्पर करावं. बॅटरीची वॉरंटी हा इथल्या माणसाने सर्वांत आधी वाचायचा कागद आहे. महिंद्राच्या झिओ या इलेक्ट्रिक मिनी ट्रकवर ती ७ वर्षं किंवा दीड लाख किलोमीटर आहे. ओव्हरलोड केल्यावर काय, बॅटरीची क्षमता किती घसरली तर कंपनी बदलून देते, हे लेखी विचारा.

ओव्हरलोडचं तर नीटच बोलायला हवं. आपल्याकडे ७५० किलोच्या गाडीत बाराशे भरायची रीत आहे, सगळे करतात. वीस किलोचे संत्र्याचे कॅरेट धरले तर प्लास्टिकच्या वजनासकट ३४ मावतात, लोक पन्नास लावतात. पेट्रोल गाडी कण्हत का होईना ओढते. इलेक्ट्रिकला उचल जास्त असते, त्यामुळे जड गाडीही सिग्नलवरून झटकन निघते आणि माणूस फसतो. रेंज मात्र डोळ्यांदेखत उतरते.

मोठा पिकअप हवा असेल तर

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीचा माल, दीड टनाच्या आसपास, रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर: इथे अजून डिझेल पिकअपच. इलेक्ट्रिकमध्ये युलर कंपनीची स्टॉर्म सप्टेंबर २०२४ मध्ये आली, १,२५० किलो भार, ८ लाख ९९ हजारांपासून. किमतीचं अंतर या वर्गात तुलनेने कमी आहे, त्यामुळे ज्याचा मार्ग ठरलेला आणि माल एकाच कंपनीचा, त्याने नक्की पाहावं. आपल्या भागात सर्व्हिस कुठे मिळेल ते आधी तपासून.

डिझेलवाल्यांनी डीपीएफ लक्षात ठेवावा. ती जाळी स्वतःला साफ करते ती गाडी गरम होऊन सलग धावली तरच. दिवसभर दोन-दोन किलोमीटरवर थांबणारी गाडी असेल तर काजळी साचते, दिवा लागतो, मग रिंगरोडला एक फेरी मारून यावी लागते. शहरातल्या वाटपाला बीएस-६ डिझेल मला म्हणूनच आवडत नाही.

सीएनजीबद्दल एवढंच: २०२२ मध्ये नागपुरात किलोला १२० रुपये झाले होते, तो चटका लोक विसरलेले नाहीत. आजचा दर आणि तुमच्या वाटेवरचा पंप पाहून ठरवा.

समृद्धीवर इलेक्ट्रिकला टोलमाफी आहे असं ऐकून कोणी निघाला असेल तर थांबा. ती माफी प्रवासी गाड्या आणि बसना आहे, मालवाहूंना नाही.

भावाचं काय झालं

मी त्याला एक वही दिली. रोज सकाळ-संध्याकाळ मीटरचा आकडा लिहायचा, बाकी काही नाही. महिन्याची सरासरी ५८ निघाली. मी खूश झालो, इलेक्ट्रिकच्या पट्ट्यात बसतो म्हणून. मग त्याने वहीतली आणखी दोन पानं दाखवली, ती सरासरीत धरलेलीच नव्हती. त्या दोन दिवशी काटोल, जाऊन-येऊन १३० किलोमीटर. संत्र्याचे आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार मिळून वर्षाचे पाच महिने त्याला महिन्यातून दोनदा तरी काटोलला जावंच लागतं, ते बागवाले वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत.

इलेक्ट्रिक घेतली तर त्या दिवशी भाड्याची गाडी करावी लागेल. खेपेला साडेतीन हजार, त्यातून स्वतःच्या गाडीत जळलं असतं ते साडेआठशेचं पेट्रोल वजा केलं तर २,६५०. दोन खेपांचे ५,३००. त्याची शिल्लक बाकी महिन्यांत बाराशे आणि, दोन दिवस स्वतःची गाडी उभी राहणार म्हणून, संत्र्याच्या महिन्यांत सातशे होती. वर्षाचा मेळ घातला तर पाच वर्षं दरसाल साडेचौदा हजारांचा खड्डा.

वहिनी म्हणाली, काटोलला बागेत माल भरायला तीन तास जातातच, तेवढ्यात गाडी तिथेच लावली तर? पन्नास किलोमीटर वाढतील, परतीला पुरतील. हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या खेपेला तो बागवाल्याच्या घरी १५ अँपिअरचा पॉइंट आहे का आणि दुपारी तिथे वीज असते का, ते बघून येणार आहे.