रक्ताची बरणी: आठ महिने वापरल्यानंतर

रक्त कशाकशाचं बनलेलं असतं हे मुलांना हाताने करून कळावं म्हणून एक तयार संच घेतला, त्याला आठ महिने झाले. आठ ते बारा वयाची सात मुलं, आठवड्यातून एक तास. संचात पारदर्शक बरणी, पाण्यात फुगणारे लाल-पांढरे गोळे, रक्तपट्टिकांसाठी (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक कणांसाठी) बारीक तुकडे, लाल रंगाची पुडी आणि भिंतीवरचा तक्ता. संच कामाचा आहे, पण आहे तसा वापरू नका.

सर्वांत आधी ती लाल पुडी बाजूला ठेवा. तिने पाणी लाल केलं की मुलांच्या डोक्यात बसतं, रक्त म्हणजे लाल पाणी. आम्ही पहिले दोन आठवडे तेच केलं. मग पाण्यात पिवळ्या रंगाचे दोनच थेंब टाकले, कारण रक्तद्रव, म्हणजे पेशी सोडून उरलेला रक्ताचा पातळ भाग, फिकट पिवळाच असतो आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. त्यात लाल मणी टाकून ढवळलं, तर सगळी बरणी लालच दिसली! ढवळणं थांबवलं, मणी तळाशी बसले आणि वर पिवळं पाणी उरलं. एक मुलगी बराच वेळ बरणीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे रक्त लाल नाहीये, त्यातल्या पेशी लाल आहेत." त्या दिवसानंतर हे मला पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही. थर मोजपट्टीने मोजायलाही लावले: वरचा साधारण 55 टक्के, खालचा 45.

दुसरी चूक जास्त गंभीर वाटते. संचात लाल आणि पांढरे गोळे जवळजवळ सारखेच दिलेत. खरं तर रक्ताच्या एका बारीकशा थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, तांबड्या पेशी सुमारे 50 लाख, रक्तपट्टिका दीड ते साडेचार लाख आणि पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार. आम्ही 600 लाल मणी मोजले, 30 बारीक तुकडे आणि पांढरा मणी एकच. मोजायला पाऊण तास गेला. वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. सहाशेंमध्ये ती एकटी पांढरी शोधताना मुलं जे शिकली, ते तक्त्यावरून शिकली नसती. "एकटीच? मग जंतू आल्यावर काय करते?" या प्रश्नावरच पुढचा तास गेला. आजारपणात पांढऱ्या पेशींची संख्या बहुतेकदा वाढते, हे तेव्हाच सांगून टाकलं.

फुगणारे गोळे मी आता वापरतच नाही. तीन आठवड्यांत ते बुळबुळीत होऊन वास मारू लागले. आणि मुख्य म्हणजे, लहान मुलाने गिळले तर पोटात फुगून आतडं अडवू शकतात. घरात धाकटं भावंड असेल तर ते उघडूच नका. साधे मणी घ्या.

तांबड्या पेशीचा आकार मातीतून करून घेणं मात्र उत्तम जमतं. चपटी गोळी, दोन्ही बाजूंनी अंगठ्याने खळगा. आरपार भोक पडलं तर पुन्हा करायची. पिकलेल्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, हेही खळगा करताना ओघाने सांगता येतं.

रक्त गोठण्याचा भाग संचात अगदीच तोकडा आहे. पट्टिका जखमेवर चिकटतात, एवढंच. जखमेवर जाळं विणणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचा पत्ताच नाही. आम्ही फाटक्या नळीच्या तोंडाशी लोकरीचे धागे आडवेतिडवे ताणले आणि वरून मणी ओतले. अडकले, साचले, गळती थांबली.

तक्त्यात शिरांमधलं रक्त निळं छापलंय. ते गडद लाल असतं, म्हणून मी त्यावर लाल कागद चिकटवला.

तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते म्हटल्यावर मुलांनी पहिल्या तासापासून दिवस मोजून कॅलेंडरवर खूण केली. एकाने अगदी काळजीने विचारलं, "त्या दिवशी सगळ्या एकदम संपतील?" नाही, शरीर दर सेकंदाला वीसेक लाख नव्या बनवतं, जुन्यांमधलं लोह परत वापरतं. तेव्हापासून तास सुरू होताना एक जण बरणीतून मूठभर मणी काढतो, दुसरा तेवढेच नवे टाकतो. हा नियम त्यांचाच. मी सांगितलेला नाही.