जॉय डिव्हिजन रेडिओवर: आठ गाण्यांची सीडी घ्यावी की 'कम्प्लीट'?

जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचे 'अननोन प्लेझर्स' आणि 'क्लोजर' हे दोन अल्बम पाठ झाले, आता पुढे काय, असं कुणी विचारलं की जाणकार त्याला बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील याच्या कार्यक्रमासाठी केलेल्या सेशन्सकडे पाठवतात. सल्ला योग्यच आहे. घोळ होतो तो विकत घेताना, कारण तीच सेशन्स दोन नावांनी मिळतात. स्ट्रेंज फ्रूट या कंपनीची १९९० ची 'द पील सेशन्स', आठ गाण्यांची. आणि २००० सालची 'द कम्प्लीट बीबीसी रेकॉर्डिंग्ज', तीत हीच आठ, वर बीबीसी टूच्या 'समथिंग एल्स' कार्यक्रमातली दोन गाणी आणि शेवटी एक मुलाखत. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि ऐकायला बहुधा छोटीच बाहेर निघते. का ते सांगतो. तुमचे कान वेगळं म्हणाले तर त्यांचंच ऐका.

आधी दोन्हीकडे असलेल्या आठ गाण्यांबद्दल, कारण पैसे त्यांचेच मोजायचे आहेत. त्या काळी बाजारातल्या रेकॉर्डी दिवसाला किती तास वाजवायच्या यावर बीबीसीला बंधन होतं. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची युनियन यांच्याशी तसा करारच होता. उरलेले तास भरायला बँडना बोलावून आपल्याच स्टुडिओत मुद्रण करून घ्यायचं, असा रिवाज पडला. लंडनमधली मेडा व्हेलची ती इमारत मुळात रोलर स्केटिंगसाठी बांधलेली. एका दिवसात साधारण चार गाणी वाजवायची आणि त्याच दिवशी मिक्सिंगही उरकायचं. आकाशवाणीच्या जुन्या मुद्रणांत गवयाला वीस मिनिटांत राग उभा करावा लागायचा आणि पाल्हाळाला वावच नसायचा, त्यातला हा प्रकार.

जॉय डिव्हिजनच्या बाबतीत या घाईचा फायदा असा झाला की अल्बमांचा निर्माता मार्टिन हॅनेट मध्ये नाही. हॅनेटचं मोठेपण मला मान्य आहे. पण स्टीव्हन मॉरिसचे ड्रम सुटे करून एकेक वेगळा मुद्रित करायची त्याची हौस आणि प्रत्येक आवाजाभोवती सोडलेली ती गार पोकळी हे सगळं त्याचं, बँडचं नव्हे. आपण स्टेजवर किती दणदणीत वाजतो ते अल्बमवर उतरलंच नाही, अशी बासवादक पीटर हूक आणि गिटारवादक बर्नार्ड समनर यांची तक्रार होती. पहिलं सेशन ३१ जानेवारी १९७९ चं, म्हणजे 'अननोन प्लेझर्स'च्या मुद्रणाआधी दोनेक महिन्यांचं. 'इनसाइट' आणि 'शीज लॉस्ट कंट्रोल' इथे ऐकली की हूक-समनर काय म्हणत होते ते कळतं. ड्रम एकाच माणसाचे, एकाच खोलीतले वाटतात आणि हूकचा बास अंगावर येतो. 'एक्झरसाइज वन' तर अल्बमवर आलंच नाही, ते पुढे 'स्टिल' या संग्रहावर आलं.

दुसरं सेशन २६ नोव्हेंबर १९७९ चं. निर्माता म्हणून टोनी विल्सन हे नाव वाचून चमकू नका; हा बँडच्या रेकॉर्ड कंपनीचा, म्हणजे फॅक्टरी रेकॉर्ड्सवाला नव्हे, बीबीसीतला त्याच नावाचा दुसरा गृहस्थ. यातलं 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' मला सिंगलपेक्षा जवळचं आहे. सिंगल बाहेर आलं जून १९८० मध्ये, बँडचा गायक इयन कर्टिस १८ मे रोजी गेल्यावर. त्यामुळे ते ऐकताना ती बातमी मनातून काही केल्या जात नाही. सेशनमध्ये मात्र ते नुसतं एक नवं गाणं आहे, चार पोरं ते वाजवून बघताहेत. 'ट्वेंटी फोर अवर्स' आणि 'कॉलनी'सुद्धा 'क्लोजर'च्या आधीची, अजून पुरती न सुकलेली. दोन्ही सेशन्समध्ये जेमतेम दहा महिन्यांचं अंतर आहे, आणि तेवढ्यात हा बँड कुठल्या कुठे पोचला ते सलग ऐकताना अंगावर काटा आणतं.

इथवर दोन्ही सीडी सारख्याच. आवाजाच्या दर्जात फरक असेलही, माझ्या साध्या स्पीकरवर तो काही जाणवला नाही.

प्रश्न उरतो जास्तीच्या ऐवजाचा. टीव्हीवरची दोन गाणी कोणती? 'ट्रान्समिशन' आणि 'शीज लॉस्ट कंट्रोल', म्हणजे पहिल्या सेशनमध्ये आधीच असलेली. सप्टेंबर १९७९ चं ते वादन जास्त चिडलेलं आहे, नाकारत नाही. पण ते प्रसिद्ध झालं ते कर्टिसच्या हातवाऱ्यांमुळे. चित्र काढून घेतलं की अर्धा जीव जातो. ते बघायची गोष्ट आहे.

आणि मग ती मुलाखत. रिचर्ड स्किनर विचारतोय, कर्टिस आणि मॉरिस उत्तरं देताहेत. पहिल्यांदा मी अगदी मान पुढे करून ऐकली. गाताना तळघरातून आल्यासारखा वाटणारा कर्टिस बोलताना किती मऊ आणि साधा होता, हे कळणं मोलाचं आहे. पण पुढच्या खेपेला? गाणं संपून कान जरा सुन्न झालेले असतात, त्या शांततेत काही क्षण बसावं म्हणावं तर लगेच गप्पा सुरू. हात कणकेत असले की प्लेअर बंदही करता येत नाही. सीडी फोनवर उतरवून घेतली तर आणखीच गंमत: गाणी उलटसुलट लावली की भलत्याच बँडच्या दोन गाण्यांमध्ये हे सद्गृहस्थ शिळोप्याच्या गप्पा मारायला हजर. फाइल पुसून टाकावी तर हात धजत नाही, कर्टिसचा आवाज आहे! खरं सांगायचं तर माझा निकाल इथेच लागला. छोटी सीडी 'द साउंड ऑफ म्युझिक'वर संपते आणि त्यानंतर कुणीही काही बोलत नाही.

पील सेशन्स सोडून थेट मैफलींच्या सीडीच घ्याव्यात का, असंही विचारलं जातं. प्रेस्टनची (२८ फेब्रुवारी १९८०) वाद्ययंत्रणेच्या कटकटींनी भरलेली आहे, ती वेड लागलेल्यांसाठी. पॅरिसची 'ले बँ दूश' मात्र जोरदार, फक्त तिच्यावरची पहिली नऊच गाणी पॅरिसची आहेत, बाकीची ॲमस्टरडॅम आणि आइंडहोव्हनची. सेशन्सनंतर ती जरूर घ्या, आधी नको.

ज्याला बँडबद्दल सगळं वाचायचं, जमवायचं, तारखा लावायच्या आहेत, त्याने 'कम्प्लीट' घ्यावी. त्याला ती मुलाखत खुपणार नाही, उलट तो तीच आधी लावेल. बाकीच्यांनी आठ गाण्यांची शोधावी. जुन्या मालात दोन्ही सापडतात. समोर फक्त 'कम्प्लीट' आली आणि भाव बरा असला तर सोडू नका, आठव्या गाण्यानंतर थांबवायचं एवढं लक्षात ठेवा.