पाण्यातला कॅमेरा: मिनेसोटाचा बर्फ आणि पादरा गावची विहीर

जावईबापूंनी अमेरिकेतल्या मिनेसोटात बर्फावरच्या मासेमारीसाठी घेतलेला हा कॅमेरा आता बडोद्याला आमच्याकडे आलाय. तिथे गोठलेल्या तळ्यावर चालायला निदान 4 इंच पक्का, स्वच्छ बर्फ लागतो. गिरमिटाने भोक पाडायचं, केबल सोडायची आणि वर पडद्यावर बघायचं. मी सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकलेली. मासा आमिषापाशी येतो, थबकतो, न्याहाळतो आणि वळून निघून जातो, हे बघताना मला गळाचं भानच राहिलं नाही. वॉलाय माशाचे डोळे तर उजेड पडला की लखलखतात!

तळाचं पाणी 4 अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे कॅमेरा सुखात राहतो. थंडी बाधते ती वरच्या बॅटरीला, भराभर उतरते. ती कोटाच्या आत ठेवावी. केबलला पीळ पडला की कॅमेरा गरगरतो, म्हणून सोबतची शेपटी (कॅमेरा स्थिर ठेवणारं पातं) जरूर लावा.

बडोद्याजवळच्या पादरा गावी शेतातल्या विहिरीत फूटवॉल्व्हला (पंपाच्या नळीच्या खालच्या टोकाच्या झडपेला) अडकलेला कचरा यानेच दाखवला. पावसाळ्यात मात्र घेऊन जाऊ नका: गढूळ पाण्यात दिव्याचा उजेड कणांवरून परततो आणि पडदा नुसता पांढरा दिसतो. घेताना केबल विहिरीच्या खोलीपेक्षा लांब आहे ना, तेवढं बघा.