वरिष्ठ माणूस अचानक गेला, तर मधल्या काळात कोण? इंटरिम मॅनेजर, प्रभारी की कन्सल्टंट

प्लांट हेडने किंवा फायनान्स हेडने राजीनामा दिला की खरी अडचण पुढच्या महिन्यांची असते. नवा माणूस लगेच सापडला, तरी त्याला जुन्या कंपनीत सहसा तीन महिन्यांचा नोटिस पिरियड भरायचा असतो. तोवर आतल्याच कुणाला प्रभारी करता येतं, कन्सल्टंट बोलावता येतो किंवा ठरावीक मुदतीसाठी बाहेरून इंटरिम मॅनेजर आणता येतो. ‘तोवर मीच बघतो’ हा मालकांचा आवडता चौथा मार्ग. त्यात बाकीची कामं किती मागे पडली, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

आधी कन्सल्टंट आणि इंटरिम यांतला फरक. कन्सल्टंट पाहणी करतो, अहवाल देतो आणि जातो. अंमलबजावणी तुमची. इंटरिम खुर्चीत बसतो: माणसं त्याला रिपोर्ट करतात, खरेदी तो मंजूर करतो, शिफ्ट तो बदलतो. हे अधिकार पहिल्याच दिवशी लेखी दिले नाहीत, तर लोक सही घ्यायला पुन्हा तुमच्याच केबिनमध्ये येतात आणि तुम्ही कन्सल्टंटच घेतलेला असतो, इंटरिमच्या दराने.

इंटरिमचा हा प्रकार १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये रुजला. तिथे कायम ठेवलेल्या माणसाला कमी करणं कठीण, म्हणून मुदतीचा अनुभवी माणूस कंपन्यांना सोयीचा वाटला. आपल्याकडे वरिष्ठ मॅनेजर कामगार कायद्याच्या ‘कामगार’ या व्याख्येत सहसा बसतच नाही, त्यामुळे ते कारण इथे फारसं लागू नाही. इथे इंटरिम घ्यावा तो वेळ वाचवण्यासाठी, आणि तुमच्या कंपनीत कुणीच न केलेलं काम करून घेण्यासाठी.

प्रभारी नेमण्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण इन्फोसिसचं. ऑगस्ट २०१७ मध्ये मुख्याधिकारी (सीईओ) विशाल सिक्का यांनी राजीनामा दिल्यावर मुख्य परिचालन अधिकारी प्रवीण राव यांच्याकडे हंगामी सूत्रं आली. जानेवारी २०१८ मध्ये नवे मुख्याधिकारी सलिल पारेख रुजू झाले आणि राव आपल्या जुन्या जबाबदारीवर परतले. मोठ्या कंपनीत हे निभावतं. पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यात सहा महिने साहेब राहिलेला माणूस पुन्हा खाली बसतोच असं नाही. बरेचदा तो बायोडेटा अपडेट करायला घेतो. शिवाय तो वरच्या खुर्चीत असताना त्याचं मूळ काम कोण करतं, हा प्रश्न उरतोच. तरीही काम नेहमीचंच असेल आणि माणूस उद्या कायम होण्याच्या लायकीचा असेल, तर प्रभारीच नेमा. पैसे वाचतात आणि त्याची परीक्षाही होते.

सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीत आतला माणूस आणि बाहेरचा अनुभव, या दोन्हींचा मेळ घातला गेला. जानेवारी २००९ मध्ये हिशोबातला घोटाळा उघड झाल्यावर सरकारने नेमलेल्या संचालक मंडळाने मुख्याधिकारी म्हणून कंपनीतलेच ए. एस. मूर्ती निवडले आणि त्यांच्या जोडीला बाहेरचे दोन अनुभवी सल्लागार दिले. १३ एप्रिलला पुण्याच्या टेक महिंद्राची बोली स्वीकारली गेली. घाईच्या वेळी मला ही रचना सर्वात शहाणपणाची वाटते, कारण ग्राहक आणि कर्मचारी ओळखीच्या चेहऱ्यामुळे थांबतात आणि कठीण हिशोब बाहेरचे लोक तपासतात.

खर्चाचं गणित मात्र नीट मांडा. समजा, त्या पदाचा पगार महिन्याला ४ लाख आहे आणि इंटरिम ६ लाख मागतो. सहा महिन्यांत ३६ लाख जातील, म्हणजे पगारापेक्षा १२ लाख जास्त. पीएफ-ग्रॅच्युइटी सहसा नसते. बिलावर १८ टक्के जीएसटी लागला, तरी तुमची विक्री करपात्र असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो. खुर्ची रिकामी राहिली तर पगारही वाचतो, म्हणून आता विचारा, तशी ती राहिली तर सहा महिन्यांत ३६ लाखांहून जास्त नुकसान होईल का? प्लांट हलवायचा आहे, नवी ईआरपी (खरेदी, साठा, हिशोब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) सुरू करायची आहे, बँकेला हिशोब पटवायचे आहेत, अशी शेवट ठरलेली कामं असतील तर उत्तर बहुधा ‘हो’ येतं. नुसतं ‘जरा लक्ष ठेवायला कुणीतरी हवं’ असेल, तर इंटरिम घेऊ नका.

शेअर बाजारात नोंदलेल्या, म्हणजे लिस्टेड कंपनीला एवढी मोकळीक नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०२३च्या नियमानुसार सीईओ किंवा सीएफओचं (मुख्य वित्त अधिकाऱ्याचं) रिकामं पद साधारणपणे तीन महिन्यांत भरावं लागतं. हंगामी माणूस बसवायचा तरी नव्या नेमणुकीची पूर्ण प्रक्रिया पाळावी लागते. खासगी मर्यादित कंपनीवर हे बंधन नाही.

करार करताना मुदत आणि शेवटच्या महिन्यातलं हस्तांतर लिहून घ्या. इंटरिमला पुढे कायम करण्याची शक्यता असेल, तर त्याला ती सुरुवातीला सांगू नका. नोकरीची आशा लागली की नको असलेला व्हेंडर बंद करायलाही तो कचरतो, आणि जास्तीचे पैसे तर तुम्ही अशाच कठोर निर्णयांसाठी मोजत असता.