एकोणीस महिन्यांची कुत्री, सव्वीस महिन्यांचा दाखला

रिट्रीव्हरच्या, म्हणजे पाडलेला पक्षी आणून देणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या, फील्ड ट्रायल स्पर्धांचा नाद मला मिनेसोटात आल्यावर लागला. गवतात बदक पडतं, कुत्रं ती जागा नजरेत धरून बसतं, सोडलं की सरळ तिथे जाऊन पक्षी अलगद तोंडात घेऊन येतं. हा मार्क. पडताना न पाहिलेला पक्षी मालकाच्या शिट्टीवर आणि हातवाऱ्यांवर शोधायचा, तो ब्लाइंड. एकदा हे पाहिलं की सोफ्यावर लोळणारं कुत्रं बघवत नाही.

मला थोडीफार शिकवलेली कुत्री हवी होती. दुसऱ्या राज्यातल्या एका ट्रेनरकडे १९ महिन्यांची काळी लॅब (लॅब्राडोर) मिळाली. व्हिडिओत ती तीन-तीन मार्क लक्षात ठेवून आणत होती. (अंधुक व्हिडिओत एक काळी लॅब दुसरीसारखीच दिसते, हे तेव्हा सुचलं नाही.) वर ट्रेनरची घाई. डर्बी या फील्ड ट्रायलच्या गटात दोन वर्षांच्या आतलीच कुत्री उतरतात, "पाच महिने उरलेत, आता थांबलात तर डर्बी गेली." मी साडेसहा हजार डॉलर वायर केले. कुत्री ताब्यात मिळाली हायवेवरच्या पेट्रोल पंपापाशी, रात्री साडेनऊला. तिथे कसला मार्क आणि कसला ब्लाइंड!

तिसऱ्या आठवड्यात तळ्याकाठी सराव चालू होता. दहाएक मिनिटं झाली असतील. बंपर, म्हणजे पक्ष्याऐवजी सरावाला फेकायची नळकांडी, तोंडात घेऊन ती परत येत होती आणि मागचे पाय लटपटायला लागले. मग ते फरफटायलाच लागले. तरी बंपर सोडेना, पुढच्या पायांवर स्वतःला ओढत माझ्यापर्यंत आली. वीस मिनिटांनी उठून शेपटी हलवायला लागली, जसं काही झालंच नाही.

डॉक्टरांनी डीएनए तपासणी करायला लावली. निदान ईआयसी, म्हणजे जोराच्या व्यायामाने कोसळण्याचा आनुवंशिक दोष. याचं जनुक २००८ साली याच मिनेसोटाच्या विद्यापीठातल्या लोकांनी शोधलं. सदोष प्रत एकच असेल तर कुत्र्याला त्रास होत नाही. हिच्यात दोन्ही होत्या, आणि माझ्याकडच्या कागदावर 'क्लिअर' लिहिलेलं.

मग बाकीचे कागद काढून बसलो. ओएफए ही कुत्र्यांच्या आनुवंशिक दोषांची नोंद ठेवणारी अमेरिकी संस्था. तिचा खुब्याचा पक्का दाखला २४ महिन्यांच्या आधी मिळतच नाही. आमच्या दाखल्याच्या नंबरात 'जी' (म्हणजे 'गुड' श्रेणी) आणि त्यापुढे २६ होते, म्हणजे एक्स-रेच्या वेळी कुत्रीचं वय २६ महिने. माझी १९ची! ओएफएच्या वेबसाइटवर नंबर टाकला, दुसरीच कुत्री निघाली. दोन मिनिटांचं काम, पैसे पाठवण्याआधीही तेवढंच होतं. मायक्रोचिपही कागदाशी जुळेना. ट्रेनरचं 'चॅम्पियन रक्त' म्हणजे काय, तर कुत्रीच्या आजोबांच्या नावानंतर एमएच (मास्टर हंटर). ती हंट टेस्टची पदवी. कष्टाचीच आहे, पण तिथे पास-नापास असतं, स्पर्धा नसते. फील्ड ट्रायलचं एफसी (फील्ड चॅम्पियन) किंवा एएफसी (अमॅच्युअर फील्ड चॅम्पियन) नावाच्या आधी लागतं. ते चार पिढ्यांत कुठेच नव्हतं.

ट्रेनरने दोन फोन घेतले, "तुम्हीच जास्त पळवली असेल" म्हणाला, मग नंबरच बंद. तक्रार केली आहे, पण पैशांवर पाणी सोडलंय.

सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी आयुष्यभर बाजारातून बैल आणले. हेड्याने कितीही गुण गायले तरी दात पाहिल्याशिवाय आणि चालवून बघितल्याशिवाय रुमालाखाली हात घातला नाही. ते एवढंच म्हणाले, "अंधारात घेतलंस होय रे?"

कुत्री परत दिली नाही. ती तरी कुणाला द्यायची! रोज संध्याकाळी अंगणात दोनदा बंपर टाकतो. तिसऱ्यासाठी ती समोर येऊन बसते, अंग थरथरतंय, नजर माझ्या हातावर. मी बंपर फ्रीजवर ठेवून देतो.