मित्रांचे नंबर मी दिले

कर्नलला खरं सांगायला मला सात महिने लागले, आणि तेही त्याचाच फोन आला म्हणून. हॉलिडे क्लबच्या मेंबरशिपमध्ये पैसे गेल्याचं एव्हाना अंगवळणी पडलं होतं. घशात अडकला होता तो एक कागद. हॉटेलात त्या पोराने ‘काका, तुमच्यासारखी दहा चांगली माणसं सुचवा’ म्हणत पुढे सरकवलेला फॉर्म. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात पहिलंच नाव कर्नलचं होतं, मोबाइल नंबरासकट.

आम्ही चौघे सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, 1978 चे. अभ्यासापेक्षा बोट क्लबवर जास्त पडीक असायचो. हा क्लब 1928 पासूनचा. मार्चमधल्या रिगाटासाठी, म्हणजे होड्यांच्या जलशासाठी, नदीच्या पाण्यात पंट (सपाट तळाची होडी) वल्हवून तळहाताला आलेले घट्टे आम्ही पदवीपेक्षा जास्त कौतुकाने मिरवले. पुढे मी पाटबंधारे खात्यात, बंडू आणि अण्णा कंपन्यांत, आणि एकटा कर्नल फौजेत. तिथे त्याला गोल्फ लागला, तो अजून सुटलेला नाही. निवृत्तीनंतर दर मे महिन्यात आठवडाभर कुठेतरी पाण्याकाठी जायचं, मी वल्हं धरायचं आणि कर्नलने चेंडू हरवायचे, असा बेत आम्ही दर वर्षी करायचो. एकदाही जमला नव्हता.

नोव्हेंबर 2022 मध्ये पेट्रोल पंपावर एक कूपन भरलं. आठवड्याने फोन आला, ‘अभिनंदन काका, तीन रात्रींची सहल लागली.’ व्हाउचर न्यायला हॉटेलात या, काकूंना आणायचंच, आणि क्रेडिट कार्ड जवळ ठेवा, ओळखीसाठी. ओळखीसाठी आधार असताना क्रेडिट कार्ड कशाला, हा प्रश्न हिने गाडीतच विचारला होता. मी म्हणालो, असतील त्यांचे काही नियम.

हॉलमध्ये वीसेक टेबलं, प्रत्येकावर आमच्याच वयाचं एखादं जोडपं, आणि गाणी इतकी मोठ्याने की आपसात बोलायचं तर कानाशी लागावं. आता वाटतं, तो आवाज त्यासाठीच होता. मधूनच घंटा वाजायची, कुठल्यातरी टेबलावर कोणीतरी ‘फॅमिलीत’ आलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या. आमच्या वाट्याला आलेला पोरगा तिशीच्या आतला. वाकून दोघांच्या पाया पडला. पहिला अर्धा तास त्याने विकायचा विषयच काढला नाही. नुसतं विचारत राहिला, काका रिटायर होऊन किती वर्षं झाली, वेळ कसा जातो, मित्र कोण कोण. मीही खुललो. बोट क्लब सांगितला, रात्री मशाली घेऊन पंटवर उभं राहायचं ते सांगितलं, कर्नलचा गोल्फ सांगितला. मग त्याने लॅपटॉप उघडला. पहिल्या फोटोत तळं, त्यात होडी, होडीत पांढऱ्या केसांचे चार जण. दुसऱ्या फोटोत हिरवंगार गोल्फ कोर्स. ते फोटो त्याच्याकडे आधीपासूनच होते, कुठला उघडायचा ते मी सांगितलं.

हॉलिडे क्लबची 25 वर्षांची मेंबरशिप, दर वर्षी त्यांच्या रिसॉर्टमध्ये मुक्काम. किंमत 4,20,000, पण ‘आज आत्ता’ घेतली तर 2,95,000. घरी जाऊन विचार करतो म्हटल्यावर त्याचा मॅनेजर आला, मग मॅनेजरचा मॅनेजर. तीन तास झाले होते. मला साखरेचा त्रास, पोटात सकाळची पोळी, समोर दोन बिस्किटं. शेवटी 85,000 कार्डावर स्वाइप केले आणि बाकीचे हप्त्यांवर. ओटीपी मीच वाचून दाखवला. घंटा वाजली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी बरं वाटलं. त्याच भरात दहा नावं लिहिली. प्रत्येक नावामागे मला ‘पॉइंट’ मिळणार होते.

करार घरी आल्यावर वाचला. 35 वर्षं मी टेंडरं वाचली आणि लिहिली. ठेकेदाराला ‘सही करण्याआधी अटी वाचल्या का?’ म्हणून दरडावलेला माणूस मी. आणि सातव्या पानावर हे वाक्य: विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन कंपनीवर बंधनकारक राहणार नाही. हे कलम मी स्वतः कितीतरी ठेकेदारांच्या गळ्यात घातलंय. त्याखाली सदस्यत्वाची रक्कम परत मिळणार नाही, वाद झाला तर दिल्लीच्या कोर्टात, आणि मुक्काम करा वा न करा, दर वर्षी देखभाल फी अधिक जीएसटी. दुसऱ्या दिवशी रद्द करा म्हणून मेल पाठवला. उत्तरात ‘वेलकम’ लिहिलेलं कार्ड आलं.

मेसाठी फेब्रुवारीत फोन केला, तर 90 दिवस आधी करायला हवा होता म्हणाले. पुढच्या वर्षीच्या मेसाठी तेव्हाच विचारलं, तर त्याचं बुकिंग अजून उघडलेलं नाही. शिवाय मे म्हणजे ‘रेड सीझन’, गर्दीचा, आणि माझं कार्ड ‘ब्लू’, बिनगर्दीचं. ब्लूमध्ये काय मिळतं? जुलैत महाबळेश्वर. जुलैत महाबळेश्वरात दहा फुटांवरचं दिसत नाही आणि वेण्णा तलावावरच्या होड्या बंद असतात. तरी जिद्दीने आम्ही दोघं गेलो. फोटोतलं गोल्फ कोर्स जेवणाच्या हॉलच्या मागे सापडलं. तीसेक फूट हिरवं कार्पेट, तीन भोकं, त्यांत पाणी साचलेलं, आणि बाजूला लहान मुलांच्या प्लॅस्टिकच्या काठ्या.

यातलं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मित्रांना तर नाहीच. जुलैत आम्ही परतलो त्याच आठवड्यात कर्नलचा फोन. ‘अरे, तुझी मेंबरशिप विकली गेली का रे?’ मी गार. माझ्या फॉर्मवरून त्याला डिसेंबरातच बोलावणं गेलं होतं. ‘तुमचे मित्र आमचे मेंबर आहेत, त्यांनीच तुमचं नाव सुचवलं.’ माझं नाव ऐकून त्याने फार विचारलं नाही. त्याचे 1,80,000 गेले. मी मजेत असेन, उगाच कुरकूर कशाला, म्हणून तो गप्प. त्याला कळू नये म्हणून मी गप्प. अण्णाही त्याच हॉलमध्ये बसून आला होता, पण कार्ड घरी विसरल्यामुळे वाचला. बंडू विधुर, जोडप्याची अट, त्यामुळे त्याला बोलावलंच नाही. ‘बायको नसण्याचा हा पहिलाच फायदा’ असं म्हणून तोच आधी हसला, म्हणून आम्हालाही हसता आलं.

कर्नलच्या त्या प्रश्नामागे दुसरी फसवणूक होती, आणि ती जास्त लबाड. कोणीतरी फोन करून सांगितलं होतं, तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, 4,60,000 द्यायला तयार आहे, फक्त आधी 31,000 ट्रान्सफर फी भरा. करार क्रमांक, तारीख, भरलेली रक्कम त्याला सगळं तोंडपाठ. ते भरल्यावर 18 टक्के जीएसटीचे 82,800 मागितले. तिथे कर्नलला शंका आली. फसलेल्या माणसांची यादी पुढे विकली जाते आणि तीच माणसं पुन्हा गाठली जातात, हे आम्हाला तेव्हा उमगलं. विकणाऱ्याने पैसे द्यायचे आणि तेही आधी, असा व्यवहार कुठे असतो? पण गेलेलं परत मिळण्याची आशा लागली की फौजी माणूससुद्धा हिशोब विसरतो.

त्या 31,000 साठी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. फसवणाऱ्याच्या खात्यात अडकलेले 12,000 काही महिन्यांनी परत आले. मुख्य रकमेचं तसं नाही. बँकेने सांगितलं, कामकाजाच्या 3 दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे ओटीपी तुम्हीच दिलात. पोलीस म्हणाले दिवाणी मामला. कंपनीच्या पत्त्यावर गेलो तर तिथे केस गळती थांबवणारं क्लिनिक.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे करारात दिल्लीचं कलम असूनही पुण्यात दाखल झाली. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत 2 वर्षं. लाजेपायी मी त्यातले सात महिने घालवले होते. लाजत असाल तर ही मुदत तेवढी लक्षात ठेवा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी कुठली कागदपत्रं लागतील ते शांतपणे सांगितलं. आमच्या बाजूने सगळ्यात उपयोगी पडला तो दुसऱ्या दिवशीचा रद्द करण्याचा मेल. तारखा पडताहेत.

फॉर्मवरच्या दहाही जणांना मी एकेक करून फोन केला. दोघं रागावले. एकाने अजून बोलणं सुरू केलेलं नाही.

या मेमध्ये मात्र चौघेही गेलो, महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याला. एका घरगुती ठिकाणी खोल्या घेतल्या, पैसे निघताना दिले. मे म्हणजे कोयनेचं पाणी खूप खाली उतरलेलं, वाळून भेगाळलेल्या गाळावरून बरंच चालत गेल्यावर होडी लागते. कर्नलने गोल्फची एक काठी आणली होती, तिचा उपयोग उतारावर टेकायला झाला. कोयना, सोळशी, कांदाटी यांच्या संगमापर्यंत जायचं होतं. धक्क्यावर दरफलक होता. मी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला, लाइफ जॅकेटची सूचना आणि खालची बारीक ओळसुद्धा, मोठ्याने.

बंडू होडीत बसून वाट बघत होता. म्हणाला, ‘झालं वाचून? ये आता. इथे सही नाही लागत.’