शाळेतला दवाखाना की मुलांचा विमा?

अमेरिकेत विमा नसलेल्या मुलांपुढे दोन वाटा असतात: काही शाळांतली आरोग्य केंद्रे आणि १९९७ साली सुरू झालेली ‘चिप’ ही सरकारी विमा योजना. पालकांचे संमतीपत्र आधीच भरलेले असेल, तर वर्गात धाप लागलेल्या मुलाला चार पावलांवर उपचार मिळतात आणि आईचा रोजही बुडत नाही. रात्री हात मोडला तर मात्र शाळेला कुलूप असते. ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या सरकारी विम्यासाठी उत्पन्न जास्त, पण खासगी विमा न परवडणारा, अशा कुटुंबांसाठी असलेल्या चिपमध्ये हप्ता आणि उपचारांतला वाटा मिळून वार्षिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपुढे जात नाही. माझा कौल आधी चिपला. तिचा अर्ज भरायला कित्येक केंद्रांतले कर्मचारीच मदत करतात.